धरणावर मेंटेनन्स निघतं, खाली घाटावरच्या माणसाला कोण सांगतं?

घाटावरचा
नमस्कार मंडळी. लई दिवस हा विषय डोक्यात आहे, आज लिहूनच टाकतो, लांबलं तर वाचून घ्या.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात पावसाळा सोडून नदीला जे पाणी दिसतं ते बहुतेक वर धरणातनं सोडलेलं असतं, आणि राधानगरी, काळम्मावाडी असल्या ठिकाणी ते वीजगृहातनं फिरून खाली येतं हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्या वीजगृहाचं नाहीतर गेटचं मेंटेनन्स निघालं की खाली नदीवर काय होतं ह्यावर कुणी बोलत नाही. पेपरात दोन ओळी येतात, 'दुरुस्तीसाठी विसर्ग बंद', नाहीतर 'इतके क्युसेक विसर्ग सुरू'. आता धुणं घेऊन घाटावर बसलेल्या बाईनं त्या क्युसेकचं काय करायचं?

गेल्या उन्हाळ्यातलं सांगतो. गावाचं आणि धरणाचं नाव मुद्दाम घालत नाही, भांडण कुणा एका साहेबाशी नाही. सुट्टीत आम्ही काहीजण सकाळी पोरांना पोहायला शिकवतो, पाठीला डबा बांधून, आमच्या बापांनी शिकवलं तसंच. त्या आठवड्यात पाणी एकदम उतरलं. घाटाच्या कधी न दिसणाऱ्या पायऱ्या उघड्या पडल्या, त्याच्याखाली काळा गाळ, वर वाळलेल्या शेवाळाचे पापुद्रे, वास असला की उभं राहवत नव्हतं. वर काम निघालंय एवढंच कुणीतरी बोललं. पोहायचं बंद झाल्यावर पोरं काय करणार, पात्रातल्या खडकापर्यंत चालत जायला लागली शिंपले गोळा करायला. आणि एका सकाळी पाणी परत आलं. लोंढा नव्हता, आवाज नव्हता, आधी घोट्याएवढं आणि बघता बघता गुडघ्याच्या वर, पोरं खडकावर आणि मधे ओढ लागलेली. दोर टाकून एकेकाला अलीकडं घेतलं. कुणाला काही झालं नाही, पण त्यातल्या एकाची आई नंतर घाटावर येऊन जे विचारत होती, "आधी कुणाला म्हाईत नव्हतं व्हय?", त्याला आमच्याकडं उत्तर नव्हतं.

तर विचारायचं असं की, काम निघालं की पाणी बंदच का करावं लागतं, परत सोडायच्या आधी खालच्या गावांना सांगायची काही पद्धत आहे का, आणि नसेल तर ती मागायची कुणाकडं?

मोटरवाला
बरोबर बोललास भावा. पोरांचं तर हायच, आमचं दुखणं पण ऐका. पाणी दोन फूट जरी खाली गेलं तरी फुटव्हॉल, म्हणजे पाण्यात बुडवलेलं पाईपचं तोंड, उघडा पडतोय, मोटर हवा ओढती, आणि रात्रीची लाईट असली तर कळतंय कधी, मोटर जळाल्यावर. मग पाईप वाढवा, चिखलात उतरून फुटव्हॉल पुढं ढकला, आणि पाणी परत आलं की तेच सगळं मागं घ्या. उपसाबंदी असली तर निदान पेपरात तारखा येतात, आम्ही त्याप्रमाणं पाळी लावतो. मेंटेनन्सच्या तारखा कुणी छापत नाही.

चिलापी
आमचं घर धरणाच्या वरच्या अंगाला, म्हणजे तलावाच्या काठाला. खालच्यांना पाणी कमी झालं की त्रास, आम्हाला तलाव उतरला की. गेटचं नाहीतर भिंतीचं काम असलं की पाणी पातळी खाली ठेवत्यात. मग काठ लांब जातो, होडी लावायची जागा चिखलात, जाळं खांद्यावर घेऊन मांडीएवढ्या गाळातनं चालायचं. उन्हाळ्यात पाणी उतरतंच, त्याची सवय हाय आम्हाला, त्या उघड्या जमिनीवर गाळपेर करणारी माणसंबी हायत. पण अवेळी उतरलं तर गाळपेर नाही आणि मासा पण नाही. ठेक्याचे पैसे मात्र आधीच भरलेले असत्यात.

पेनस्टॉक
मी पाटबंधाऱ्यात नव्हतो, वीजनिर्मितीच्या बाजूला आयुष्य गेलं, आता घरी आहे. घाटावरचा यांचा प्रश्न नेमका आहे म्हणून सविस्तर लिहितो.

पायथ्याच्या वीजगृहात धरणातलं पाणी मोठ्या पोलादी नळातून, म्हणजे पेनस्टॉकमधून, टर्बाईनवर येतं आणि मागच्या बाजूनं नदीत जातं. एका मशीनचं काम असेल तर दुसरं चालू ठेवता येतं, नदीला पाणी निम्मं होतं पण राहतं. पण सगळ्या मशीनना सामाईक असलेला भाग असतो, पाणी आत घेण्याचं तोंड, तिथली कचरा अडवणारी जाळी, मुख्य गेट, काही ठिकाणी मोठा नळ. त्याचं काम निघालं की तोंडावरचं गेट खाली टाकायचं, नळ रिकामा करायचा, मागून नदीचं पाणी आत येऊ नये म्हणून तिकडूनही गेट लावायचं, आणि मग माणसं आत उतरवायची. आत माणूस असताना कुणीही गेटला हात लावायचा नाही हा पहिला नियम, तो असायलाच पाहिजे. त्या काळात नदीला पाणी द्यायचं तर दुसरी वाट लागते, सिंचनाचा विमोचक, म्हणजे शेतीला पाणी सोडायचं दार, वगैरे. ती वाट लहान असेल, किंवा तिचंही काम त्याच वेळी काढलं असेल, तर नदी कोरडी पडते.

आता वेळेचं. पावसाळ्यात असली कामं करता येत नाहीत, तेव्हा एक मशीन बंद ठेवणंही परवडत नाही. म्हणून ती हिवाळा-उन्हाळ्यात निघतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत लोक नदीत उतरतात. हे टळणारं नाही. काम झालंच पाहिजे, न केल्यावर काय होतं तेही आपण बघितलंय, आणि काम करताना काय होऊ शकतं तेही. डिसेंबर 2021 च्या शेवटी राधानगरीला दुरुस्ती चालू असताना गेट उघडं अडकलं आणि ऐन थंडीत भोगावतीला पाणी सुटलं, काठच्या गावांना सावध करत फिरावं लागलं.

सगळ्यात धोक्याची वेळ कुठली म्हणाल तर काम संपल्यावर पाणी परत सुरू होतं ती. मशीन लोडवर, म्हणजे प्रत्यक्ष वीजनिर्मितीवर, घ्यायला मिनिटं लागतात. बंद नदीत थोड्या वेळात पूर्ण पाणी येतं. राधानगरीचं उदाहरण घ्या. पावसाळ्यात बातम्यांत वाचता ना, एका स्वयंचलित दरवाजातून 1428 क्युसेक आणि वीजगृहातून 1500 क्युसेक. म्हणजे वीजगृह पूर्ण चाललं की एक अख्खा दरवाजा उघडल्याएवढं पाणी नदीत येतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला 28 लिटरच्या वर, 1500 चे झाले साडेबेचाळीस हजार लिटर, दर सेकंदाला. दरवाजा उघडला की सगळ्या जिल्ह्यात मेसेज फिरतात, वीजगृह चालू झालं की कुणाला पत्ता नसतो. नदी पावसाळ्यात भरलेली असते तेव्हा ह्या पाण्यानं फार फरक पडत नाही, रिकाम्या पात्रात मात्र पडतो.

रुईची सून
काका एवढं सोपं करून आजपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं, धन्यवाद. एक विचारू का, भोंगा वाजवतात ना धरणावर? मग तो कशासाठी?

पेनस्टॉक
ताई, भोंगा धरणाच्या जवळपासच्यांसाठी. तो ऐकू जाऊन जाऊन किती लांब जाणार? आणि पाणी काही भोंग्याबरोबर निघून त्याच क्षणी तुमच्या घाटावर येत नाही. नदीला वळणं असतात, मधे बंधारे असतात, लांबच्या गावाला ते काही तासांनी पोहोचतं. वर सकाळी साहेबांनी सगळं नियमानं केलं, भोंगा दिला, नोंद केली, आणि तुमच्याकडे दुपारी पोरं पाण्यात असताना ते आलं. म्हणून नुसतं 'अमुक वाजता विसर्ग सुरू' ह्याचा खालच्या गावाला उपयोग नाही. तुमच्या घाटाला किती वाजता, हे पाहिजे.

टेनेसीतला करवीरकर
मूळचा शुक्रवार पेठेतला, सध्या अमेरिकेत टेनेसीला. धागा वाचून राहवलं नाही.

इथं माझ्यापासून जवळच ओकोई नावाची नदी आहे. तिच्यावर 1913 सालचं एक धरण आहे, ओकोई नंबर 2. ह्या धरणाचं पाणी नदीतून न जाता डोंगराच्या कडेनं बांधलेल्या लाकडी पाटातून काही मैल लांबच्या वीजगृहात नेतात, त्यामुळं मधला नदीचा तुकडा कित्येक वर्षं कोरडाच असायचा. 1976 ला तो पाट इतका खराब झाला की बंद करावा लागला. पाट बंद म्हणजे पाणी आपोआप नदीत! लोकांनी बघितलं तर खळाळतं झकास पाणी, राफ्टिंगवाले आले, गावाला धंदा मिळाला. पाट दुरुस्त होऊन 1983 ला परत सुरू व्हायची वेळ आली तेव्हा ही सगळी माणसं उभी राहिली की आमची नदी परत कोरडी करू नका. प्रकरण पार त्यांच्या संसदेपर्यंत गेलं आणि ठरलं की वर्षातले ठराविक दिवस नदीत पाणी सोडायचं, आणि त्या दिवशी जी वीज बुडेल तिच्या भरपाईचाही हिशोब घातला. 1996 च्या अटलांटा ऑलिम्पिकच्या होड्यांच्या शर्यती ह्याच नदीच्या वरच्या भागात झाल्या, त्यासाठी पाणी सोडून.

आज टीव्हीए, म्हणजे ही धरणं चालवणारी सरकारी संस्था, कुठल्या धरणातून कधी किती पाणी सोडणार ते मोबाईलवर टाकते. मी पोरांना घेऊन नदीवर जायच्या आधी ते बघतो. आणि खासगी कंपन्यांची जी धरणं लायसनवर चालतात त्यांना तर लोकांसाठी तलावावर येण्याजाण्याची जागा ठेवणं आणि तिथं तसा बोर्ड लावणं हे लायसनच्या अटींतच येतं. सगळं सुरळीत आहे असं म्हणत नाही, 2021 च्या दुष्काळात कॅलिफोर्नियात ओरोव्हिल तलाव इतका उतरला की वीजगृह बंद पडलं आणि होड्या उतरवायचे रॅम्प हवेत लटकले. पण लोकांना आधी सांगितलं जातं, आणि नाही सांगितलं तर विचारायला जागा असते.

मोटरवाला
दादा तिकडचं चांगलंच हाय, पण तिथं नदीवर माणूस हौसेला जातोय. हितं नदी म्हणजे जनावरं धुणं, कपडे धुणं, मोटर, रक्षाविसर्जन सगळंच. ते राफ्टिंगचं मॉडेल हितं लागू पडत नाही.

टेनेसीतला करवीरकर
पटलं, पण मुद्दा उलटा घ्या की. हौसेला जाणाऱ्या माणसाला जर तारीख-वेळ मिळती तर रोजच्या पोटापाण्याला जाणाऱ्याला आधी मिळायला पाहिजे.

दाजीपूर रोड
माझा इकडं छोटा होमस्टे आहे. थोडी दुसरी बाजू मांडतो, रागवू नका. मेंटेनन्सच्या काळात धरणाकडं जायचा रस्ता, बाग बंद ठेवतात. पाहुणे पुण्याहून येतात आणि गेटवरनं परत जातात, मला फोन करून शिव्या घालतात. ते मला पण नको असतं. पण गेट बंद ठेवणाऱ्या माणसाचं मी समजू शकतो. कामासाठी पाणी बंद असताना वीजगृहाच्या मागं पात्र कोरडं पडतं, आणि लोक नेमके तिथंच फोटो काढायला उतरतात, गोल गोल दगड आणि मागं धरणाची भिंत येते म्हणून.

जून 2014 ला हिमाचलात लारजी धरणाच्या खाली बियास नदीत काय झालं ते आठवतंय का? हैदराबादची इंजिनिअरिंगची पोरं सहलीला गेलेली, नदीत उतरून फोटो काढत होती. वर वीजनिर्मिती कमी करायला सांगितली, मशीनमधनं जाणारं पाणी तुंबलं, मग दरवाजे उघडले. 24 विद्यार्थी गेले. मशीन बंद झाली तरी पाणी कुठंतरी जायचंच असतं. त्यामुळं माझं म्हणणं, रस्ता बंद करा, बिनधास्त करा, पण आठ दिवस आधी सांगा आणि कधी उघडणार ते पण लिहा. 'पुढील आदेशापर्यंत बंद' असा कागद चिकटवला की माणसं कुंपणाला वळसा घालून जातात, हे मी डोळ्यांनी बघतो.

चिलापी
+1. आमच्यासाठी पण तेच. किती उतरवणार आणि कधीपर्यंत एवढं कळलं तरी होड्या आधीच हलवता येतात.

बावड्याचा
बंधाऱ्यांचं पण घ्या ह्यात. वरनं पाणी बंद झालं की केटी वेअरवर, म्हणजे नदीतल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावर, सगळा भार येतो. ऑक्टोबरच्या आसपास बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात, पावसाच्या तोंडाला काढतात, मधल्या काळात घाटावर जे पाणी उभं असतं ते ह्या बरग्यांच्या जिवावर. बरगे गळके, फटीत ताडपत्री कोंबलेली, काही तर चोरीला गेलेले. वरनं येणारं पाणी चालू असतं तोवर गळती कळत नाही, आवक बंद झाली की डोह रिकामा. आणि जे उरतं ते हिरवं होतं, मग मासे तरंगतात, मग त्या पाण्याला जनावर पण तोंड लावत नाही. 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' म्हणून अख्ख्या महाराष्ट्रात आपलं नाव आहे, आणि आपल्याच बंधाऱ्याला धड बरगे नाहीत ह्याचं मला खरंच वाईट वाटतं. धरणाचं मेंटेनन्स काढायच्या आधी खालचे बंधारे अडवून भरून घ्या एवढं जरी केलं तरी निम्मा त्रास कमी होईल असं मला वाटतं.

पेनस्टॉक
बावड्याचा यांनी फार महत्त्वाचं लिहिलं. बंद करायच्या आधी बंधारे भरून घेणं हे नियोजनात बसू शकतं, त्याला वेगळा खर्च नाही, दोन विभागांनी एकमेकांशी बोलायला पाहिजे फक्त. बोलत नाहीत असं नाही, पण बोलणं सिंचनाच्या पाळीपुरतं होतं, घाट त्यात कुणाच्या डोळ्यापुढं नसतो.

अजून एक. धरण सुरक्षा कायदा 2021 प्रमाणं पावसाळ्याच्या आधी आणि नंतर धरणाची तपासणी करणं बंधनकारक आहे, आपत्कालीन आराखडा पण लागतो. म्हणजे यापुढे कामं वाढतील, कमी होणार नाहीत. काळम्मावाडीची गळती काढायला पण पाणीसाठा कमी ठेवावा लागला हे आपण बघितलं, आणि आता कोल्हापूर शहराचं थेट पाईपलाईनचं पाणीही तिथूनच येतं. त्यामुळं हा प्रश्न आता नुसता काठच्या गावांचा नाही, पेठेतल्या नळाचा पण आहे.

रुईची सून
मी एक सुचवते, बघा पटतंय का. पावसाळ्यात आपण सगळे काय करतो? सकाळी उठलं की पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो. 39 फूट इशारा, 43 फूट धोका, हे आमच्या शाळेत जाणाऱ्या पोरालाही पाठ आहे. 2019 आणि 2021 च्या पुरानं आपल्याला ते शिकवलं. म्हणजे आकडा कसा सांगायचा आणि गावानं तो कसा वाचायचा ही सवय आपल्याकडं आहेच. तीच उन्हाळ्यात चालू ठेवायची. घाटाच्या पायऱ्यांना रंग मारायचा, इथपर्यंत नेहमीचं पाणी, इथपर्यंत वीजगृह पूर्ण चालल्यावर येतं. बाईमाणसाला क्युसेक कळायची गरज नाही, पायरी कळते. मेसेजमध्ये पण तेच लिहा, 'गुरुवारी दुपारी एकच्या पुढं पाणी लाल पायरीपर्यंत येईल, पात्रात उतरू नका'. आणि नुसतं व्हॉट्सअपवर नको, घाटावर येणाऱ्या निम्म्या बायकांकडं तो फोन नसतो. देवळाच्या स्पीकरवरनं सांगा, ग्रामपंचायतीच्या घंटागाडीवरनं सांगा.

आणि तारखा ठरवताना आमचे दिवस बघा. त्रिपुरी पौर्णिमेच्या पहाटे पंचगंगा घाटावर दिवे लावायला अख्खं शहर उतरतं, चैत्रात जोतिबाला जाणारी माणसं नदीवर आंघोळीला थांबतात. ह्या तारखा कॅलेंडरमध्ये छापलेल्या असतात, मेंटेनन्सच्या तक्त्याशेजारी ठेवून बघायला काय हरकत आहे?

घाटावरचा
ताई, पायरीला रंग हे एकदम मनात बसलं. आमच्या घाटावर तर आम्ही पोरंच मारू शकतो, फक्त लाल रेघ कुठं मारायची ते वरनं कुणीतरी सांगायला पाहिजे. ग्रामसभेत हा विषय घेतो. अर्जात काय काय घालू ते सगळ्यांनी सांगा.

पेनस्टॉक
अर्ज छोटा ठेवा. धरणाच्या शाखा अभियंत्यांना आणि वीजगृहाच्या अधिकाऱ्यांना, दोघांनाही, कारण पाणी एकाचं आणि मशीन दुसऱ्याचं असू शकतं. प्रत तहसीलदारांच्या आपत्ती कक्षाला. तक्रारीचा सूर नको, ती माणसं पण रात्री-अपरात्री गेटवर उभी असतात. मागायचं ते असं: वर्षाच्या नियोजित कामांच्या अंदाजे तारखा, काम सुरू व्हायच्या आणि पाणी परत सोडायच्या आधी ग्रामपंचायतीला फोन, आणि पाणी सोडताना एकदम पूर्ण न सोडता टप्प्याटप्प्यानं. तिसरी मागणी तांत्रिक आहे, पण शक्य आहे, आधी थोडा वेळ कमी लोडवर मशीन चालवता येतं. त्यानं पात्रातल्या माणसाला बाहेर यायला वेळ मिळतो.

मोटरवाला
फुटव्हॉलचं पण घाला काका. पाणी किती फूट उतरणार तो आकडा.

चिलापी
आणि तलावाच्या वरच्या गावांना पण कळवा हे विसरू नका. अर्जात नेहमी खालचीच गावं असत्यात.

पेनस्टॉक
दोन्ही घाला. आणि पाणी पोहोचायला लागणारा वेळ तुम्ही स्वतःच मोजून जोडा, म्हणजे कुणाला आकडेमोड करत बसायला नको. पुढच्या आवर्तनाला वर पाणी सुटल्याची वेळ विचारून घ्या आणि घाटावर एक काठी रोवून बसा, पाणी चढायला लागलं की वेळ लिहा.

घाटावरचा
हे आम्ही करतो. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी, दूधगंगा, वेदगंगा, कुठल्याही काठचं कोण असेल तर तुमच्या घाटाचं पण असंच मोजून इथं टाका, गावाचं नाव आणि वर कुठल्या धरणाचं पाणी येतं तेवढं लिहा. अर्जाचा मसुदा रविवारी ह्याच धाग्यावर टाकतो, काका तेवढा तपासून द्या.